किल्ली हातात आल्याशिवाय

खावडा, कच्छ
१२ ऑक्टोबर २०२५

सयाजीनाना,

जय भीम. यावर तुमी कायम जय हिंद म्हणायचा. ते म्हटलंय असं धरून पुढं लिवतो.

तुमी माझा नंबर ब्लॉक केल्याला चार वर्सं झाली, म्हणून कागद. दुसरं म्हणजे तुमीच शिकवलंय, "कप्या, तोंडचं वाऱ्यावर जातं. लॉगबुकात लिवलं न्हाई ते घडलं न्हाई." तवा घडल्यालं लिवतोय. अक्षर नववी नापासाचं हाय, पण त्याला वळण तुमीच लावलंय. माझा चार तुमाला पाचासारखा दिसायचा आन् तुमी मीटरचं रीडिंग परत घ्यायला लावायचा. आता चार नीट काढतो.

आपल्या जनरेटरवाल्या आप्पासोनं तुमच्या स्मरणिकेच्या पानांचे फोटो धाडले. घोडमाळावरच्या आपल्या टीव्ही केंद्राला चाळीस वर्सं. अठ्ठावीस डिसेंबरला साताऱ्यात मेळावा, शाल, श्रीफळ, जेवण. केंद्र बंद होऊन चार वर्सं झाली, टॉवर कापून भंगारात गेला, तरी चाळीस म्हणायचं. म्हणा. गेलेल्या माणसाची जयंती करत्यातच की. खाली बारीक अक्षरात लिवलंय, ‘माजी सहकाऱ्यांनी एखादी गोड आठवण दोनशे शब्दांत पाठवावी.’

माझी दोनशे शब्दात बसत न्हाई. गोड बी न्हाई.

तुमची पानं मी इथं टॉवरच्या सावलीत बसून तीनदा वाचली. इथं दुसरी सावलीच न्हाई. चौफेर पांढरं मीठ, आन् त्यात आमी उभं केलेले विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर. गँगमधली पोरं बंगालची, मालद्याकडची. त्यांना वाटतं मी आईचं पत्र वाचतोय. वाटू दे.

‘वाटचालीतले टप्पे’ या पानावर तुमी सोळा टप्पे दिल्यात. उद्घाटन हाय. नवा ट्रान्समीटर बसला ते हाय. साहेबांना दिल्लीचं प्रशस्तिपत्र मिळालं ते बी हाय. आन् चौदावा असा: ‘ऑगस्ट २०१९. सांगलीच्या महापुरात केंद्राचे अखंड प्रक्षेपण. कोणतीही दुर्घटना नाही.’

नाना, हे तुमी स्वतः लिवलंय का कुणी लिवून दिलं? स्वतः लिवलं असंल तर शाबास.

पुढचं पान, ‘आमचे सहकारी’. अठ्ठावीस नावं. बागेला पाणी घालणारा हाय. माझं बी हाय, सत्ताविसावं, ‘कपिल (कंत्राटी)’. उपकार झाले. पण कुंडलचा गुंडा न्हाई. सोळा वर्सं शंभर मीटरच्या टॉवरवर चढून ज्यानं दिवं बदललं, रंग दिला, केबली बांधल्या, तो सहकारी न्हाई. का, तर रोजंदारीवर व्हता, रजिस्टरात नाव न्हाई.

आन् तो फोटो. टॉवरच्या पायथ्याचा, २०१७ चा. मला पाठ हाय तो. उजव्या कडंला गुंडा उभा व्हता, तुमच्या खांद्यावर हात टाकून. तुमी फोटो कडंनं कापलाय, पण नीट कापता आला न्हाई. तुमच्या खांद्यावर चार बोटं राहिल्यात. माणूस न्हाई, नुसती बोटं. नाना, त्या चारातली तीन आता गुंडाकडं बी न्हाईत.

माझी मागणी दोनच. सहकाऱ्यांत गुंडाचं नाव घाला, आन् चौदावा टप्पा खरा लिवा. न्हाई लिवला तर मी मेळाव्याला येणार हाय, आन् मोकळ्या हातानं येणार न्हाई. २०१९ चं लॉगबुक माझ्याकडं हाय. व्हय, तेच. ज्याच्यासाठी तुमी मला रहिमतपूरभर चोर केलं.

कपिल


२ नोव्हेंबर

नाना,

काल आईचा फोन आला. तुमी घरी गेला व्हता म्हणं. चहा घेतला, बशीत ओतून, निवांत. मग म्हणालात, "अंजनाबाई, पोराला सांगा, जुनं उकरू नको. मी जे लिवलं ते त्यालाच वाचवायला लिवलं." आईला काय कळणार त्यातलं. ती घाबरली. मला म्हणाली, "कपिल, तुला त्यांनीच कामाला लावलं बाबा. तू लांब हायस त्यो लांबच बरा."

आईच्या दारात जाऊ नका नाना. भांडण माझं हाय, मला लिवा. पत्ता पाकिटावर हाय.

मला वाचवायला लिवलं म्हणता, त्याचं मी पुढं बघतो. आधी चोरीचं. केंद्र बंद झालं तवा रद्दीचा टेम्पो आला व्हता. छत्तीस वर्सांची लॉगबुकं पोत्यात भरून किलोवर चालली व्हती. तुमी तवा खाली घाटात निरोपाचा फोटो काढत व्हता. मी एका पोत्यात हात घातला आन् एक वही काढली. जी गोष्ट सरकारनं रद्दीत घातली ती घेतली म्हणून मी चोर, आन् ज्यांनी टेम्पो बोलावला ते साहेब. बरं.

तुमाला गोड आठवणी पायजेत न्हवं? घ्या. मला बी येत्यात, न्हाई असं न्हाई.

आप्पासो जनरेटरचा वैद्य. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आन् डोळं मिटून म्हणायचा, "म्हातारी खोकायलीय, फिल्टर बदला." एकदा बी चुकला न्हाई. त्याला स्वतःला बायकोचं बोलणं ऐकू यायचं न्हाई, ते येगळं.

लालासाहेब इनचार्ज. मुंबईच्या हापिसचा फोन आला की आधी केस विंचरायचे, मग उभं राहून रिसीव्हर उचलायचे. गुंडा खिडकीतनं बघून मला म्हणायचा, "आत्ता शर्ट खोचला म्हणजे दिल्लीचा हाय."

आन् डोंगर चढून येणारी माणसं. आपल्या केंद्राचं चित्र कुणी बघतंय का, हे मीटरवर दिसत न्हाई, ते त्या माणसांवरनं कळायचं. वसगड्याकडची एक आजी आली व्हती, दोन तास चालत. "आवं, आमच्या टीव्हीत मुंग्या आल्यात." गुंडानं तिला बसवलं, पाणी दिलं, म्हणाला, "आजी, टीव्हीजवळ साखरंचा डबा ठिवू नका." आजी म्हणाली, "मुडद्या, डब्यात साखर कवाची संपली." मग तिच्यासंगं घरापातूर गेला आन् अँटेना फिरवून आला. हे तुमच्या सोळा टप्प्यांत न्हाई.

आता किल्लीचं. हे मी मुद्दाम लिवतोय, कारण तुमी इसरला असाल. टॉवरवर चढायचं म्हणजे आधी ट्रान्समीटर बंद. चालू असताना वरच्या अँटेनाला हात लागला की माणूस भाजतो. म्हणून तुमी आर्मीच्या सिग्नलमधनं आल्यावर नेम घातला: चढणाऱ्यानं ट्रान्समीटरची किल्ली काढायची आन् संगं वर न्यायची. म्हणजे खाली कुणाला चालू करता येणार न्हाई. गुंडा ती किल्ली करदोट्याला बांधायचा आन् कंबर हलवून सगळ्यांना दावायचा, "बघा रं, दोन जिल्ह्यांचा टीव्ही माझ्या कमरंला हाय." उतरला की तुमच्या तळहातावर ठेवायचा. मग तुमी लॉगबुकात लिवायचा, ‘चढणारा खाली. किल्ली मिळाली.’

मी नवा व्हतो तवा एकदा म्हणालो, "नाना, गुंडा तर समोर उभा हाय, दिसतोय की." तुमी वहीवरनं मान वर केली न्हाई. "डोळ्याला दिसला म्हणजे आला न्हाई. किल्ली हातात आल्याशिवाय माणूस खाली आला म्हणायचं न्हाई."

हे तुमचं वाक्य. तुमच्या स्मरणिकेत ते बी न्हाई.

कपिल


१६ नोव्हेंबर

नाना,

दोन पत्रांना उत्तर न्हाई. उलट आप्पासो सांगतो, तुमी ग्रुपवर लिवलं, ‘काही विघ्नसंतोषी लोक बाहेरगावाहून मेळाव्यात बाधा आणू पाहत आहेत.’ खाली एकवीस जणांनी हात जोडले. विघ्नसंतोषी म्हणजे काय ते मी इथल्या आमच्या सुपरवायझरला इचारलं, तो नागपूरचा हाय. म्हणाला, "तुझ्यासारखा." झालं.

मग आता लॉगबुकातलंच वाचतो. पान माझ्या म्होरं हाय. तुमचं अक्षर, निळी शाई.

‘१७:२० प्रक्षेपण बंद, केबल जोडात पाणी. १८:५८ चालू. १९:०४ टॉवरवर वीज पडल्याने बंद. २०:१५ चालू. टॉवरवर कोणी नव्हते.’

पयली गोष्ट, तुमचं अखंड इथंच दोनदा खंडलंय. दुसरी गोष्ट, त्या दिवशी वीज कुठं पडली? पाऊस व्हता, वारा व्हता, धुकं इतकं की पायथ्यावरनं टॉवरचा तिसरा टप्पा दिसत न्हवता. पण आठवडाभर आभाळ एकदा बी कडाडलं न्हवतं.

घडलं ते असं. पावणेसहाला पाऊस जरा थांबला तवा गुंडा जोड बांधायला वर गेला, किल्ली करदोट्याला. साहेब साताऱ्यात अडकलेले, ड्यूटीला तुमी, आप्पासो, गुंडा आन् मी. पावणेसातला साहेबांचा फोन आला. मुंबईवरनं त्यांना, त्यांच्याकडनं तुमाला. "सातच्या बातम्या गेल्याच पायजेत, पुराचं विशेष हाय." कुणासाठी जायला पायजेत व्हत्या, नाना? सांगलीत लोक पत्र्यावर बसले व्हते. निम्म्या गावांत लाइट न्हवती. जिथं टीव्हीच पाण्याखाली, तिथं आमी चित्र धाडायचं व्हतं.

साहेबांच्या ड्रॉवरात लाखंचं सील केलेलं पाकीट असायचं. त्यात दुसरी किल्ली. सील फोडून तुमी ती लावली. मी जनरेटरच्या खोलीतनं आलो तवा ट्रान्समीटरचा पंखा घुमायला लागला व्हता. सहा मिनिटांनी आप्पासो पळत आला. त्याला वरनं काय तरी ऐकू आलं व्हतं. त्याला, बहिऱ्याला.

गुंडा वर पट्ट्याला लोंबकळत व्हता. मी चढलो. त्याच्या आधी मी कवा चाळीस मीटरच्या वर गेलो न्हवतो. त्याचा उजवा तळवा... ते लिवत न्हाई. दोरानं खाली सोडला, आप्पासोच्या जीपमधनं दवाखान्यात. तिथं तुमी सांगितलं, वीज पडली. गुंडा शुद्धीवर आला तवा त्याला बी तेच सांगितलं. तीन बोटं गेली. बाकीची दोन वळत न्हाईत.

आज तो कुंडलात मोबाइल रिचार्जची टपरी चालवतो. डाव्या हातानं. गावात त्याला इजंचा गुंडा म्हणत्यात. ज्यांची पोरं कडाडलं की रडत्यात त्या बाया पोरांना आणून त्याच्या हाताला लावत्यात. तो हसतो आन् पोरांच्या कपाळावर त्यो हात ठेवतो. नाना, खोटं तुमी वहीत लिवलं, पण ते आता पोरांच्या कपाळाला लागतंय.

तुमी सील फोडलं. तुमी लिवलं. आता तुमीच दुरुस्त करा. लॉगबुकाचा नेम तुमाला ठावं हाय: खोडायचं न्हाई, फाडायचं न्हाई. चुकीच्या ओळीवर एकच रेघ, म्हणजे खालचं वाचता येतं. शेजारी खरं, आन् दोघांच्या सह्या.

मी वही घेऊन येतो. पेन तुमचा.

कपिल


३० नोव्हेंबर

नाना,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ.

‘त्या दिवशी टॉवरच्या पायथ्याशी कोणाची ड्यूटी होती?’

सही न्हाई, तारीख न्हाई. आर्मीवाला माणूस तारीख इसरत न्हाई, म्हणजे राग लय व्हता.

चार दिवस मी कार्ड खिशात घालून टॉवरवर चढतोय. फाडून मिठात टाकायचं व्हतं. उत्तर बी जुळवलं व्हतं, की तुमी मोठं, तुमी शिफ्टचं, जबाबदारी तुमची. ते खोटं न्हाई. पण पुरतं न्हाई.

इथं आमाला दर शुक्रवारी सुरक्षेचा वर्ग असतो. ओडिशाचा पोरगा हाय, माझ्याहून ल्हान, साहेब म्हणायची लाज वाटावी इतका. त्यानं परवा एक लाल कुलूप दावलं. लाइनीवर काम करायचं तर प्रत्येकानं आपलं कुलूप मेन स्विचला लावायचं, किल्ली आपल्या खिशात. दहा माणसं तर दहा कुलपं. दुसरी किल्लीच न्हाई, कंपनी बनवतच न्हाई. मी बघतच बसलो. गुंडाचा करदोटा लाखो रुपयांच्या कंपनीत आलाय, फक्त पाकिटाशिवाय. मग तो पोरगा म्हणाला, "किसी ने अपने सामने हादसा देखा है?" तिघांनी हात वर केला. मी न्हाई केला.

तुमचं कार्ड खिशात व्हतं आन् मी हात वर केला न्हाई. म्हणून आज लिवतोय.

पायथ्याला माझी ड्यूटी व्हती. चढणारा उतरंपर्यंत पायथा सोडायचा न्हाई, मान वर ठेवायची. मी सोडला. आप्पासोनं जनरेटरच्या खोलीतनं हाक मारली, डिझेलचं बॅरल कलंडलं व्हतं. मी गेलो. लय न्हाई, वीस मिनिटं. दारातनं बघितलं तर धुक्यात पिवळा रेनकोट चालत गेलेला दिसला. पिवळा रेनकोट गुंडाचा. मला वाटलं उतरला.

पण वाऱ्यात रेनकोट फुगतो म्हणून गुंडा तो घालून चढत न्हवता, हे मला ठावं व्हतं. त्यानं तो माझ्या म्होरं काढून आप्पासोच्या अंगावर टाकला व्हता, "घाल म्हाताऱ्या, भिजशील." माझ्या म्होरं. धुक्यात चालत गेला तो आप्पासो.

मग तुमी दारात आला. हातात साहेबांचं पाकीट. सील अजून फोडलं न्हवतं. तुमी इचारलं, "गुंडा उतरला?"

मी म्हणालो, "व्हय नाना. उतरला."

एवढंच. सहा वर्सं मी हे कुणाला सांगितलं न्हाई. मागच्या पत्रात बी ‘जनरेटरच्या खोलीतनं आलो’ म्हणून चोरासारखा कडंनं गेलो. तुमी तसंच कडंनं फोटो कापला तवा मला राग आला.

आन् वर जाऊन गुंडाला मी आणला म्हणून तुमी सगळ्यांत माझी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात गुंडाच्या जागी मला चढायला घेतलं. त्याचा पट्टा माझ्या कमरंला आला. पट्ट्याला त्याच्या कमरंचं भोक पडलेलं व्हतं, मला दोन भोकं आत घ्यावं लागायचं. दोन वर्सं मी त्या पट्ट्यावर पोट भरलं. तुमी ‘टॉवरवर कोणी नव्हते’ लिवलं ते मला वाचवायला, हे खरं हाय. आता कबूल करतो.

पण नाना, मी वाचवा म्हणालो न्हवतो. तुमी मला वाचवलं आन् त्याच ओळीत गुंडाला पुसलं. बावीस वर्सांच्या पोराला एकदा तरी इचारायचं, की बाबा तुझ्या नावानं खोटं लिवू का. मी त्या येळी कदाचित व्हय म्हणालो असतो. भ्यालो व्हतो. म्हणूनच आज न्हाई म्हणतोय.

आन् एक गोष्ट. मी चूक केली, पण माझी चूक झेलायलाच तुमचा नेम व्हता. मी ‘उतरला’ म्हणालो तवा तुमी हात पुढं करून एकच गोष्ट मागायची व्हती. "मग किल्ली कुठं हाय?" तुमी मागितली न्हाई. सगळ्या आयुष्यात एकदाच मागितली न्हाई, फोनवर साहेब व्हते म्हणून.

निम्मं माझं, निम्मं तुमचं. मी माझं लिवून मोकळा झालो. चोर म्हणा, विघ्नसंतोषी म्हणा, आता माझं काय जात न्हाई. उद्या गुंडाला फोन करणार हाय. तुमाला इचारत न्हाई, सांगतोय.

कपिल


७ डिसेंबर

नाना,

फोन केला.

टपरीवर रेश्मावहिनी व्हत्या, त्यांनी दिला. गुंडा म्हणाला, "कोण, कप्या? मर्दा, मीठ खाऊन जगतोयस का अजून?" मी म्हणालो, गुंडाभाऊ, बसून घे. तो म्हणाला, "बसलोच हाय, टपरीत उभं राहायला जागा कुठाय." मी सगळं सांगितलं. पायथा सोडल्यालं, रेनकोट, माझं व्हय म्हणणं, तुमचं पाकीट, वही. मध्ये कुणी तरी रिचार्ज मागत व्हतं. त्याला म्हणाला, "थांब रं, टावरचा फोन हाय."

माझं संपल्यावर त्यानं आधी त्या गिऱ्हाइकाचं रिचार्ज करून दिलं.

मग म्हणाला, "ठावं हाय गड्या मला."

"कवापासनं?"

"दवाखान्यातच. आमच्या कुंडलात त्या दिवशी लाइट व्हती. रेश्मी म्हणाली, सातच्या बातम्या चार मिनिटं दिसल्या आन् गेल्या. म्हटलं, बातम्या लागल्या कशा? किल्ली तर माझ्या करदोट्याला. नर्सनं कापडं काढली तवा बी व्हती. आभाळातनं वीज पडंल, पण आभाळातनं किल्ली पडती व्हय?"

मी इचारलं, मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?

"मी कशाला बोलू? भाजलं मला, लिवलं तुमी. म्हटलं, नाना नेमाचा माणूस हाय, येईल. तू बी येशील. दोघांपैकी आधी कोण येतोय ते बघत व्हतो." मग हसला. "रेश्मीसंगं पैज व्हती. ती म्हणायची नाना. हरली."

मला रडू आलं, तर तो म्हणाला, "रडू नगंस, मिठात अजून खारट व्हशील." आन् मग आवाज बदलून म्हणाला, "पण कप्या, मला माफीबिफी नगं. शाल बी नगं, शालीला दोन हात लागत्यात. माझं नाव लिवा. सोळा वर्सं वर चढलो ते लिवा, आन् त्या दिवशी वर व्हतो ते लिवा. पोरांच्या कपाळावर हात ठेवायचा मला कट्टाळा आलाय. एखादं पोरगं म्होरं इचारंल, इजंनं तुला सोडलं कसं. काय सांगू?"

तर नाना, असं हाय.

मी वही कालच स्पीड पोस्टानं तुमच्या घरी धाडली. भ्याल्यामुळं न्हाई. तिची जागा तुमच्या टेबलावर हाय म्हणून, आन् चोर नसल्यामुळं. वाटंत गहाळ झाली तरी पानाचे फोटो आप्पासोकडं, गुंडाकडं आन् माझ्या आईच्या मोबाइलात हायत. तिला फोटो कशाचा ते आता कळलंय. ती म्हणाली, "आता नाना आले की चहा देते, पण मी बी इचारते."

त्या पानावर मी तुमच्या शेवटच्या ओळीवर एकच रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. खालचं वाचता येतं. शेजारी लिवलं:

‘टॉवरवर गुंडा होता. प्रक्षेपण चालू केल्याने उजवा हात भाजला. वीज पडली नाही. पायथ्याची ड्यूटी कपिल, त्याने पायथा सोडला व तो उतरल्याचे खोटे सांगितले. दुसरी किल्ली वापरली. पहिली किल्ली मागितली नाही.’

खाली माझी सही, तारीख, वेळ. चार नीट काढलाय. त्याच्या शेजारी दुसऱ्या सहीची जागा सोडलीय. ‘चढणारा खाली. किल्ली मिळाली.’ ही ओळ मी लिवलेली न्हाई. ती तुमच्या अक्षरातच शोभती.

अठ्ठावीसला मी येतोय. रजा मंजूर झाली न्हाई तरी येतोय. गुंडा येतोय, रेश्मावहिनी येत्यात. चौदावा टप्पा तुमी बदलला असंल तर आमी गपगुमान जेवून जाऊ, न्हाई तर मी माइक घेईन, आन् माझा आवाज तुमाला ठावं हाय, टॉवरवरनं पायथ्यापातूर पोचायचा. एकवीस जणांनी हात जोडल्यात, त्यांना ते कानावर ठेवायला सांगा.

पण त्याच्या आधी गुंडा तुमच्याकडं येणार हाय. त्या दिवशीची किल्ली अजून त्याच्या करदोट्यालाच हाय. करदोट्याची गाठ डाव्या हातानं सुटत न्हाई, ती वहिनी सोडतील. किल्ली कशाला लागत न्हाई आता, ट्रान्समीटर भंगारात गेला, टॉवर गेला. तरी तो ती आणतोय. तुमी फक्त हात पुढं करा, आन् मागा.

सहा वर्सं झाली, नाना. तुमच्याच नेमानं बघितलं तर गुंडा अजून वरच हाय. त्याला खाली घ्या.

जय भीम.

कपिल